तीन गाठींचा मोजा

२ फेब्रुवारी, रविवार

तुझं नाव लिहीत नाही. शेवटच्या भेटीत तू म्हणाली होतीस, "माझं नाव पुन्हा तोंडात घ्यायचं नाही." कागदावर चालतं का, हे विचारायच्या आत तू रिक्षात बसलीस. तेव्हा नाव फक्त पाकिटावर आहे, तेही पोस्टमनसाठी.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून तुझ्या हॉस्टेलच्या पत्त्यावर लिहितोय. भांडायला नाही, कामासाठी. तू नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि मला दोन पायांबद्दल विचारायचंय.

पाय बाबांचे. तीस वर्षं ते वीज कंपनीसाठी घरोघर मीटर वाचत फिरले. आता शुगरने त्यांच्या तळव्यांतली जाणीवच गेली आहे. आजवर आई बघायची. पण ताईचं बाळंतपण जवळ आलंय, म्हणून आई परवा तिच्याकडे गेली, दोन महिन्यांसाठी. जाताना तिने किल्ल्या, गॅसचं पुस्तक आणि बाबांचे पाय माझ्या ताब्यात दिले. "मी येईन तेव्हा दोन्ही जसेच्या तसे परत हवेत," म्हणाली, शेजारणीला पातेलं उसनं देताना म्हणते तशी. बाबा म्हणाले, "पावती घे त्याच्याकडून."

मी हसलो. बस गेल्यावर हसू गेलं.

काय काय करतो ते लिहितो, चुकत असलं तर सांग. सकाळी रॅकसमोर बसतो. वरच्या खणात बाबांचे चालायचे कॅनव्हासचे बूट, दोन जोड. एक आज, दुसरा उद्या, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पुरता दिवस मिळतो. ओलसर वाटले तर पंख्याखाली ठेवतो, उन्हात नाही, कारण उन्हात कड आखडते आणि मग बोटाला घासते. दुसऱ्या खणात त्यांची घरातली चप्पल, तिसऱ्यात माझं सामान. सगळ्यात खाली, खोक्यात, ताईच्या लग्नाला घेतलेले काळे चामड्याचे बूट. बाबांनी ते एकदाच घातले. आकार बिघडू नये म्हणून टोकाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत. त्यांना कुणी हात लावत नाही. महिन्यातून एकदा मीच पॉलिश करतो.

घालायचा बूट आधी उलटा करायचा, दोनदा आपटायचा, टॉर्चने आत बघायचं, मग हात घालून टोकापर्यंत चाचपायचं. टॉर्च बाबांचाच, नोकरीतला. ज्याने त्यांनी लोकांच्या जिन्याखालचे आकडे वाचले, त्याने मी त्यांच्या बुटात खडा शोधतो.

मोजे पांढरे, सात जोड, शिवण बाहेरच्या बाजूला. पांढरेच का, हे तूच सांगितलं होतंस, आपल्या दोन्ही कॉलेजांच्या त्या सामाईक कॅन्टीनमध्ये, सॉसच्या बाटलीला पाय मानून: "काही गळलं तर दिसलं पाहिजे." ते मी घरी येऊन आईला सांगितलं आणि तिने त्याच दिवशी सगळे रंगीत मोजे पोछ्याला काढले. प्रत्येक जोडीच्या काठावर तिने दोऱ्याच्या गाठी मारल्यात. सोमवारला एक, मंगळवारला दोन, अशा रविवारला सात. म्हणजे कालचा मोजा आज पायात जाणार नाही.

मग पाय. बाबा पाय स्टुलावर ठेवतात आणि विचारतात, "काय साहेब, रीडिंग?" मी टाच, तळवा, चवडा, बोटांच्या बेचक्या बघतो आणि म्हणतो, "शून्य." ते म्हणतात, "चला, बिल नाही."

काल मी तू शिकवलेली ती पेनाची तपासणी केली. बाबांना डोळे मिटायला लावले. म्हटलं, लागलं की हो म्हणा. टाचेला टोक लावलं. गप्प. चवड्याला, गप्प. अंगठ्याला, गप्प. मी पेन खाली ठेवलं, आणि बाबा म्हणाले, "हो." जरा थांबून पुन्हा म्हणाले, "हो, लागलं."

मी म्हटलं, "बरोबर."

न लागलेलं लागलं म्हणणारा माणूस, लागलेलं कसं सांगणार?

बाकी माझं विचारलं नाहीस तरी सांगतो. कॉलेज सोडलं ते सोडलं. दुपारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. माफीचा कागद लिहून दिला तर परत घेतील म्हणे. मी लिहिणार नाही. तुझ्याबद्दल माझ्या कॉलेजातला तो जे बोलला त्याला हेल्मेटच योग्य होतं, त्याचे दोन दात त्याच्याच जिभेने पाडले. हे वाचून तू पुन्हा म्हणशील, "माझ्यासाठी नाही मारलंस, तुझ्यासाठी मारलंस." म्हण.

आणि त्या झटापटीत तुझं एक कानातलं पडलं होतं, ते मला मिळालं नव्हतं. तेव्हाही सांगितलं होतं. पुन्हा का सांगतोय कोण जाणे.


१६ फेब्रुवारी, रविवार

उत्तर नाही आलं. अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होतो, पण गेले दहा दिवस पोस्टमन दिसला की मी उगाच दारात येऊन नखं बघत उभा राहतो.

एक विचित्र गोष्ट झाली आहे. तुला क्षुल्लक वाटेल.

रविवारी मी मोजे धुतो. कोमट पाणी, साधा साबण, उलटे करून. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे. दोरीवर गाठींच्या क्रमाने घालतो. रविवारची जोड पायात असते, ती रात्री वेगळी धुतो; बाकी बारा हवेत, आज अकरा भरले. पुन्हा मोजले, अकरा. तीन गाठींचा एकच. बुधवारचा.

बादलीखाली, पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे बघितलं. बाबांना विचारलं.

"बादलीने गिळला असेल," ते म्हणाले.

"बाबा, बादली गिळते का?"

"अरे, एका मोज्यासाठी एवढा पंचनामा? उरलेल्या एकाला भावली कर."

हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. बाबा थट्टा करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, लागली की नाही ते तपासायला.

पायातला मोजा हरवत कसा नाही, हे तुला सांगायला नको. तो पायातून निघतो आणि टोपलीत पडतो, तिसरी जागाच नाही. मला याची भीती का वाटावी? एक सुती मोजा. पण दुपारपासून मी घरात चोर शिरल्यासारखा फिरतोय आणि चोराने बाकी काही नेलेलं नाही, हेच जास्त भीतीचं वाटतंय.

पाय मी रोज बघतो. शून्य.

आज मात्र बाबा लवकर उठले होते, मी जायच्या आत मोजे चढवून बसलेले. म्हणाले, "आज रीडिंगवाल्याला सुट्टी. रविवार आहे." मी ताणलं नाही. मंगळवारपासून आमचं जरा बिनसलंय. त्याचं कारण लिहीत नाही, तुला लगेच बाबांची बाजू पटेल.

तुमच्याकडे वॉर्डात कुणाचं असं काही हरवतं का?


१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी

आज तुझा वाढदिवस. शुभेच्छा देत नाही, तो हक्क गेला. त्या निमित्ताने रॅक आवरायला घेतला, असं समज.

खालचं खोकं उघडलं. काळे बूट जागेवर. पण मी नाडी मोकळी सोडून आत सारतो, आणि इथे नाड्यांना फुली मारलेली गाठ. मीटरच्या सीलला मारायचे ती. बाबांची.

डाव्या बुटातला बोळा जुनाच, पिवळा पडलेला. उजव्यातला पांढरा. उघडून बघितला. कागदावर तारीख १२ फेब्रुवारी, बुधवार.

त्या बोळ्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं.

उलटा केला, आपटला, टॉर्च मारला, हात घातला. टोकाशी बोटांना अस्तर कडक लागलं. नखाने खरवडलं, नखाखाली तपकिरी भुगा आला. मी तो हुंगून बघितला. रक्ताचा वास.

बाबा अंघोळीला गेलेत. बादलीचा आवाज येतोय. बाहेर आले की पाय बघायचाय. एवढंच करायचंय. पाणी बंद झालं.

त्याच दिवशी, दुपारी

दाराशीच अडवलं. म्हटलं, "पाय दाखवा."

"अरे, ओला आहे, पुसू तर दे."

"बाबा, उजवा पाय."

"साहेब, आज नको."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ते स्टुलावर बसले, आणि पाय वर ठेवताना स्वतःच तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागले.

अंगठ्याशेजारच्या बोटाच्या खाली, चवड्यावर, भोक आहे. मोठं नाही, शर्टाच्या बटणाएवढं. कडा पांढऱ्या फुगलेल्या, मधे काळं. बोट सुजून जांभळं झालंय. वरून पाय लाल आणि गरम, इस्त्रीच्या शेजारी हात नेल्यासारखा. वास आहे. वर त्यांनी कापसाचा बोळा आणि विजेच्या वायरीची काळी चिकटपट्टी लावलेली होती. सहा दिवस. मला कळू नये म्हणून.

"दुखत नाही रे," ते म्हणाले. "खरंच दुखत नाही."

तेच तर. दुखलं असतं तर.

रिक्षा बोलावली आहे. पत्र हॉस्पिटलच्या पेटीत टाकेन. सल्ला मागायला लिहीत नाहीये. भीतीने लिहितोय, दुसरं कुणी सुचत नाही.


२० फेब्रुवारी, गुरुवार, हॉस्पिटलमधून

तुझं पत्र आलं. शेजारच्या काकांनी आणून दिलं. चारच ओळी, मला पाठ झाल्यात. "फक्त पायाचं वाचलं. मोजा शोधू नकोस, पाय बघ. मोजा लपवणाऱ्याला मोज्यावरचं काहीतरी लपवायचं असतं. आजच दवाखान्यात ने."

तू मंगळवारी रात्रीच्या टपालाला टाकलं असशील. तिकडून, न बघता, तुला दिसलं. मी शेजारच्या खोलीत होतो.

बाबांना दाखल केलंय. सलाइनमधून औषध चालू आहे. काल डॉक्टरीणबाईंनी पायावर जिथे लाली संपते तिथे पेनाने रेघ मारली, अगदी नकाशात सीमा काढतात तशी. म्हणाल्या, "लाली रेघेच्या आत राहिली तर औषध जिंकतंय. बाहेर आली तर बोट काढावं लागेल. त्याहून वर सरकली तर मग..." आणि त्यांनी घोट्याकडे बघितलं.

मी कालपासून ती रेघ बघतोय. निळी आहे. फार वेळ बघितलं की लाली हलल्यासारखी वाटते. मग खिडकीकडे बघतो, पुन्हा रेघेकडे बघतो. नर्स आल्या तर त्यांना विचारतो, "आत आहे ना?" त्या म्हणतात, "दहा मिनिटांपूर्वी होती तिथेच आहे."

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते.

दाखल करताना बाईंनी विचारलं, "एवढं कुठे चाललात, काका? हे घरात बसून होत नाही."

बाबा म्हणाले, "मुलाच्या कॉलेजात गेलो होतो. बुधवारी."

मी तिथेच उभा होतो, केसपेपर हातात.

"दोन बस बदलून. स्टॉपवरून चढ आहे जरा. प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटायला. दहा वाजता पोचलो, चार वाजता बोलावलं."

"काम झालं का?" बाईंनी आपलं सहज विचारलं.

"म्हणाले, मुलाला स्वतः लिहून आणायला सांगा. बापाची माफी आमच्याकडे चालत नाही."

त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, आमचं यावरूनच वाजलं होतं. जेवताना त्यांनी कोरा कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "चार ओळी लिही, पोरा. हात झिजणार नाही." मी कागद चुरगाळला. मी म्हणालो, "तुमचे पाय तुम्हीच बघा उद्यापासून." दार आपटलं. बुधवारी सकाळी पाय बघितले नाहीत. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी आणि सोमवारी बाबाच आधी मोजे चढवून बसलेले. त्या दिवसांत दुपारऐवजी सकाळी नऊलाच दुकानात जायचो आणि सातला यायचो, वाट बघत की बाबा आधी बोलतील. रविवारी "रोज बघतो, शून्य" असं तुला लिहिलं ते साफ खोटं होतं. चार दिवस मी रुसलो होतो. बावीस वर्षांचा घोडा.

ते साहेबांना भेटायचं म्हणून काळे बूट घालून गेले. कॅनव्हासचे घालून कसं जायचं, म्हणाले. बुटात काहीतरी होतं.


२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सहाला लाली रेघेच्या बाहेर होती. नखभर. मी आधी कुणाला सांगितलंच नाही. बोटाने पुसून बघितलं, रेघ पुसट झाली असेल म्हणून. मग नर्सना हाक मारली.

अकराला ऑपरेशन आहे. बोट काढणार. पुढचं आत गेल्यावर कळेल, म्हणाल्या. कागदावर माझी सही घेतली. त्यात "गरज पडल्यास घोट्याखाली किंवा वर" असं छापलेलं होतं. मी सही केली. बघ, कागद लिहून द्यायला मला येतं.

आईला काल फोन केला. ती पहिलं वाक्य पूर्ण होऊ देईना, "कुठला पाय?" एवढंच तीनदा म्हणाली. ताईला आधीच बाळ झालंय, मुलगी, आणि तिला दोन दिवसांची सोडून आई बसमध्ये बसली आहे. दुपारपर्यंत पोचेल.

त्याआधी तुला सांगून टाकतो. बाबा आत असताना हे माझ्याकडे राहिलं तर काहीतरी वाईट होईल असं वाटतंय. वेडेपणा आहे, कळतंय.

तुझं कानातलं मला मिळालं होतं. त्याच दिवशी, कॅन्टीनच्या टेबलाखाली, फिरकीशिवाय. तू मला मागे खेचत होतीस तेव्हा माझ्याच कोपराने ते निघालं. तू गुडघ्यांवर बसून शोधत होतीस आणि ते माझ्या मुठीत होतं. परत दिलं असतं तर तुझं माझ्याकडे काहीच राहिलं नसतं. मग तू विचारलंस आणि मी नाही म्हणालो, आणि त्यानंतर हो म्हणायची सोय उरली नाही.

घरात आई सगळे खण आवरते. न आवरलेली एकच जागा, काळ्या बुटातला बोळा. उजवा. महिन्यातून एकदा पॉलिशच्या नावाने काढून बघायचो. आईच्या मते माझ्याइतकं बुटांचं वेड कुणाला नाही.

घाईत बोळा ओढताना तो फाटला असणार आणि ते आत राहिलं असणार. टोक वर करून. बाबा त्यावर दोन बसचा प्रवास चालले, चढ चढले, सहा तास बाकावर वाट बघत बसले-उठले. माझ्यासाठी. आणि त्यांना लागलं नाही.

सगळे बूट मी रोज तपासतो. तो एक सोडून, कारण त्यात काय आहे हे मला ठाऊक होतं.

न्यायला आलेत. बाबा स्ट्रेचरवरून म्हणतायत, "चष्म्याचं घर सांभाळ. हरवू नको." चष्म्याचंच पडलंय त्यांना.


२ मार्च, रविवार

पाय राहिला. एक बोट गेलं, अंगठ्याशेजारचं. जखम कोरडी होतेय. काल घरी आणलं.

आई आली तेव्हा बाबा नुकतेच शुद्धीवर येत होते. ती बँडेजवर हात ठेवून किती तरी वेळ बसली, मग म्हणाली, "टाच गार नाहीये ना?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला सगळं सांगितलं, रुसव्याचं आणि बुटातलं. ऐकून घेतलं आणि पिशवीतून डबा काढला. "खा," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहिलं ड्रेसिंग होतं. बाई पट्टी सोडत होत्या. मी मान खाली घालून उभा. बाबा म्हणाले, "साहेब, रीडिंग घ्या."

मी बोटं मोजायला लागलो.

"नऊ," त्यांनीच सांगितलं. "दहाचे नऊ झाले. मीटर उलटं फिरलं. आमच्या वेळी असल्या घराची आम्ही लाइनच तोडायचो." बाई हसल्या. मी रडलो, तिथेच, सगळ्यांसमोर.

बाई गेल्यावर त्यांनी चष्म्याचं घर मागितलं. उघडून चष्म्याखालची मखमल उचलली. बसच्या तिकिटात गुंडाळलेलं तुझं कानातलं.

"हे तुझं," ते म्हणाले.

"कुठे मिळालं?" मी विचारलं, ठाऊक असून.

"प्रिन्सिपॉलच्या दाराबाहेर. उठायची वेळ झाली तेव्हा बूट ओला वाटला. म्हणजे वाटला नाही, दिसला. काढला तर मोजा लाल, आणि त्यात हे रुतलेलं. मोजा तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. आपला पोरगा मोजे मोजून ठेवतो, हे डोक्यातून निसटलं बघ."

"तेव्हाच का नाही सांगितलंत, बाबा?"

"काय सांगणार? तुझ्या कॉलेजला गेलो म्हटलं असतं तर पुन्हा दार आपटलं असतंस. आणि हे तू कशाला लपवलंस ते कळत होतं मला. म्हटलं, जखम भरली की गुपचूप परत बोळ्यात ठेवून देऊ. तुझ्या लक्षात येणार नाही."

"आणि घालण्याआधी बूट आपटून बघितला नाहीत?"

"ते तुझं काम ना, रे," बाबा म्हणाले. तक्रार नव्हती. खरंच विचारत होते.

हे एक वाक्य मी रोज ऐकतो, ते झोपलेले असतात तेव्हाही.

परवा कॉलेजात जाऊन आलो. चार ओळी लिहून दिल्या. मग त्याच्या वर्गाबाहेर थांबलो आणि त्यालाही तोंडाने सांगितलं. त्याचे पुढचे दोन दात आता नवे आहेत, जरा जास्तच पांढरे. "ठीक आहे," म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरकला. माझ्या हातात काही नव्हतं, तरी. ते मागे सरकणं मला आधी कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी तूही अशीच सरकली होतीस. मला वाटलं होतं, कानातलं शोधायला.

भीती गेलेली नाही. डाव्या पायाची आहे, उरलेल्या नऊंची आहे. सकाळी रॅकसमोर बसलो की आता चारही खण तपासतो, माझे बूट, आईच्या चपला, ताईची इथे राहिलेली जुनी सँडलसुद्धा. काळ्या बुटांतले बोळे काढून टाकलेत, ते रिकामे उघडे ठेवलेत. आईने बुधवारची नवी जोड आणून तीन गाठी मारल्या. उजव्या मोज्यात एका बोटाची जागा ढिली पडते, तिथे घडी होऊन घासू नये म्हणून किती कापूस भरायचा ते बाईंनी दाखवलंय. आणि रीडिंग विचारलं की मी लगेच आकडा सांगत नाही. आधी दोन्ही पाय बघतो.

कानातलं सोबत पाठवतोय. फिरकी मला खरंच मिळाली नाही, हे मात्र खरं आहे. उकळत्या पाण्यात धुतलंय. टोक खोक्याच्या पुठ्ठ्यात खुपसलंय, पण पोस्टात पाकिटं कशीही फेकतात. म्हणून घाईने फाडू नकोस. एका कडेने उघड, उलटं कर, दोनदा आपट, उजेडात आत बघ. मगच हात घाल.